चिठ्ठीशिवाय

औषधांच्या दुकानात रांगेत पुढे उभी असलेली बाई काय मागते आहे हे कळायच्या आधी वेंडल ट्रॅव्हिकला तिचा आवाज ओळखू आला. किंचित घोगरा, आणि शेवटच्या बाकावरच्या पोरापर्यंत जाऊन आदळेल अशा बेताने फेकलेला. नोरीन. त्याच्या थोरल्या भावाची बायको. जन्मभर तिने शाळेची बस चालवली होती. ड्वाइट जाऊन तीन वर्षं होत आली, तरी ती अजून त्याचाच चौकड्यांचा शर्ट घालून बाजारहाटाला यायची, बाह्या कोपरापर्यंत दुमडून. "आणि ते जंतांचं औषध," ती म्हणाली. "चार डबे द्या." दुकानदार टेरेलने मान न वळवता हाताशीच असलेल्या फळीवरून चार डबे काढले. सर्दीच्या गोळ्या आणि खोकल्याच्या बाटल्या यांच्या मधोमध ती फळी होती. दर महिन्याला वेंडल रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला इथे यायचा, पण ती फळी त्याने पाहिली नव्हती. किंवा पाहिली असेल, आपल्या कायद्याची म्हणून पाहिली नव्हती. नोरीन वळली, तो दिसला तसा तिचा चेहरा खुलला. कागदी पिशवी वर धरून तिने ती त्याच्यासमोर खुळखुळवली. "बघा आमदारसाहेब! ना डॉक्टर, ना चिठ्ठी. तुझी कृपा हं." तिने त्याच्या गालाला गाल लावला आणि दंडावर एक चापट मारली. "एक तरी कामाचा कायदा केलात तुम्ही लोकांनी तिकडे बसून." रांगेतली माणसं हसली. वेंडलही हसला. दार उघडलं, ऑगस्टची दमट वाफ आत आली, आणि दार मिटलं तेव्हा ती गेलेली होती.

हसू मात्र त्याच्या तोंडावर राहून गेलं होतं, निवडणुकीनंतर कुंपणावर राहून गेलेल्या पाटीसारखं. त्याने ते प्रयत्नपूर्वक काढलं. टेरेलने त्याच्या गोळ्यांची पुडी पुढे सरकवली. "ही वहिनी माझी," वेंडल म्हणाला. टेरेलला ते ठाऊक होतं. फोर्ट स्मिथमधल्या निम्म्या लोकांची नाती टेरेलला ठाऊक असतात. "कशासाठी नेते ती ते?"

"मी विचारलं नाही, ट्रॅव्हिकसाहेब."

"विचारायचं की."

"आधी विचारत होतो. चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरला फोनसुद्धा लावायचो." टेरेलने चष्मा कपाळावर सरकवला. "हल्ली लोक म्हणतात, तुला काय करायचंय, कायदा झालाय ना? आता कायदा झालाय हे खरंच आहे."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर वेंडलला बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसांशी कसं बोलायचं हे त्याला दोन निवडणुकांत जमून गेलं होतं.

गाडी उन्हात उभी होती. स्टिअरिंगला हात लागला की चटका बसत होता, तरी त्याने हात काढला नाही. चार डबे. जंतांसाठी माणूस चार डबे नेत नाही. जंतांसाठी एक-दोन गोळ्या पुरतात, हे त्याला शेतावर वाढल्यामुळे माहीत होतं. लोक ते कशासाठी नेतात हेही त्याला माहीत होतं, म्हणजे ऐकून माहीत होतं. चर्चच्या आवारात, मासळी तळायच्या समारंभात, त्याच्या स्वतःच्या फरशी-गालिच्यांच्या दुकानात आलेल्या माणसांकडून. कुणाच्या सांध्यांवर, कुणाच्या तापावर, आणि आवाज जरा खाली आणून, त्या दुसऱ्या दुखण्यावर. तो शब्द मनात आला तसा त्याने एअर कंडिशनर जोरात सोडला. मग वेंडल आठवून पाहू लागला. मतदानाचा दिवस. मार्च संपत आला असावा. लिटल रॉकला, विधानभवनाच्या त्या घुमटाखाली सकाळपासून एकामागून एक विधेयकं येत होती. कुठल्याशा पुलाला कुणाचं तरी नाव, मासेमारीच्या परवान्यातली दुरुस्ती, न्हाव्यांच्या परीक्षा. जेवण लांबलं होतं. त्याच्या दुकानातून निरोप आला होता की फरशीचा माल भलत्याच रंगाचा आलाय. त्याच्या टेबलावर कुठल्याशा डॉक्टरने पाठवलेला एक कागद होता, त्यावर त्याने कॉफीचा पेला ठेवला होता, आणि पेला उचलल्यावर तिथे एक तपकिरी कडं उमटलं होतं. ते कडं त्याला आत्ता डोळ्यांसमोर स्वच्छ दिसत होतं, एका बाजूला तुटलेलं. विधेयक मांडणारा सदस्य पुढे उभा राहून म्हणत होता, लोक काही लहान मुलं नाहीत, काय घ्यायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. ते ऐकताना बरोबर वाटलं होतं. आत्ताही, गाडीत, त्यात चूक कुठे आहे ते त्याला बोट ठेवून दाखवता आलं नसतं. शेजारच्याने कोपराने ढोसून म्हटलं, "हिरवं." हाताशी दोन बटणं असतात, होकाराचं हिरवं आणि नकाराचं लाल. समोरच्या फळ्यावर हिरवे दिवे लागत गेले, भरभर, जत्रेतल्या पाळण्यावर लागतात तसे. तोंडात पेपरमिंटची गोळी होती. शेजाऱ्याच्या बाहीला सोन्याचं बटण होतं. हे सगळं आठवत होतं. फक्त स्वतःचं बोट त्या बटणावर टेकलेलं आठवत नव्हतं. तो आठवत राहिला, स्टिअरिंगवर बोट दाबून पाहत राहिला, मागच्या गाडीने भोंगा वाजवला तेव्हा कुठे त्याने गाडी काढली. आपलं नाव त्या दिव्यांमध्ये होतं एवढं नक्की. बोट कुणाचं होतं?

घरी लुअॅन ओट्याशी उभी राहून टोमॅटो चिरत होती. त्याने काही विचारलं नाही, नुसतं सांगितलं: नोरीन भेटली, दुकानात, ते औषध नेत होती. सुरी थांबली. लुअॅन वळली नाही. तिची पाठ मात्र आखडली.

"तुला ठाऊक आहे," तो म्हणाला.

"मला शपथ घातलीय तिने."

"लुअॅन."

"जूनमध्ये तपासणीत निघालं. उजव्या स्तनात गाठ. सुई घालून तपासलीसुद्धा." ती टोमॅटोशी बोलल्यासारखी बोलत होती. "डॉक्टर म्हणाला लहान आहे, लगेच काढून टाकू. ती म्हणाली, विचार करते. तेव्हापासून विचार करतेय. मला वाटलं, मुलीकडे टल्साला जाईल, ती समजूत घालेल. तिलाही सांगितलं नाहीये. वेंडल, मी काय करायला हवं होतं?"

आपल्यालाच जो प्रश्न पडलाय तो दुसऱ्याने विचारला की माणसाला त्याचा रागच येतो. तो मागच्या अंगणात गेला. झाडांतून किरकिर्‍यांचा आवाज इतका एकसारखा येत होता की तो आवाज कानांत आहे की बाहेर, कळेना. लहानपणी शेतावर हाच आवाज. बूनव्हिलकडचं ते शेत, चढावरचा गोठा, आणि उन्हाळ्यात वासरांना जंतांचं औषध पाजायचा दिवस. ड्वाइट वासराचं डोकं काखेत दाबून धरायचा आणि अंगठ्याने जबडा उघडायचा. वेंडलच्या हातात ती जाड पिचकारी. एकदा वासराने त्याच्याकडे असं पाहिलं, ओला, गोल, काही न विचारणारा डोळा, की तो थबकला. ड्वाइट ओरडला, "पाज की! त्याला कोण विचारतंय!" आणि त्याने दट्ट्या दाबला. ड्वाइट होताच तसा, हातातलं काम उरकणारा. त्याला कुणाची भीती वाटायची नाही, पुढे स्वतःच्या पोटात दुखायला लागलं तेव्हासुद्धा. स्वादुपिंड. हा शब्द तोपर्यंत त्यांच्या घरात कुणी उच्चारलासुद्धा नव्हता. शेवटी शेवटी डॉक्टर म्हणाले होते, अजून एक औषध आहे, कडक आहे, हवं तर देऊन पाहू. दवाखान्यातल्या कोचावर दाटीवाटीने बसलेले सगळे जण वेंडलकडे वळले, कारण तो नुकता निवडून आला होता, आणि मोठ्या माणसांशी बोलणं हे आता त्याचं काम होतं. नोरीनही त्याच्याकडेच बघत होती. तो म्हणाला, "करून बघू." किती सहज म्हणाला. त्यानंतर ड्वाइटच्या तोंडात फोड आले, ते घशापर्यंत गेले, पाण्याचा घोट गिळताना तो डोळे घट्ट मिटून घ्यायचा, आणि नोरीन चमच्याने थेंब थेंब पाणी सोडत बसायची. मरताना त्याचं वजन पोराएवढं झालं होतं. तिने त्याबद्दल वेंडलला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. तेव्हा त्याला तो चांगुलपणा वाटला होता. आत्ता अंगणात उभं राहून त्याला वाटलं, तिने तो शब्द जपून ठेवला असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिच्याकडे गेला. ती पडवीत बसून जांभळ्या शेंगांची चवळी सोलत होती, मांडीवर परात, बोटं जांभळी झालेली. त्याला पाहताच म्हणाली, "ये. चहा आत आहे, तुझा तू घे, माझे हात असले." त्याने फ्रिजमधून गार गोड चहाचा घडा काढला, दोन पेले भरले. स्वयंपाकघराच्या खिडकीत, तुळशीच्या झुडपाच्या कुंडीशेजारी, ते चारही डबे मांडलेले होते. एक उघडलेला होता. चहा घेऊन बाहेर येईपर्यंत त्याने वाक्यं जुळवून ठेवली होती. ती सगळी पायरीवर बसताक्षणी गेली.

"लुअॅन बोलली वाटतं," नोरीन म्हणाली.

"हो."

"तिच्या पोटात काही राहत नाही. मला माहीत होतं. म्हणून तर तिला सांगितलं." ती शेंग उकलत राहिली. "बोल. भाषण करायला आलायस ना?"

"नोरीन, त्या गोळ्या त्यासाठी नाहीत."

"बर्ल मॅकअलिस्टर घेतो. चर्चमधला. त्याचं आतड्याचं होतं. आता नांगर धरतो."

"बर्लचं ऑपरेशन झालं होतं. आठ इंच आतडं कापलंय त्याचं."

"ते झालंच. आणि गोळ्याही घेतल्या. कशाने बरं वाटलं ते तू सांगणार?"

रस्त्यावरून शाळेची एक रिकामी पिवळी बस गेली, चालवणाऱ्या बाईने हात केला, नोरीनने जांभळा हात वर केला. "शाळा सुरू व्हायच्या आधी रस्ता पाठ करून घेतात," ती म्हणाली, आणि मग तिच्या त्या शेवटच्या बाकापर्यंत फेकलेल्या आवाजात नाही तर अगदी वेगळ्या, घरातल्या आवाजात म्हणाली, "वेंडल, मला एक सांग. आधी ते चिठ्ठीशिवाय मिळत नव्हतं. आता मिळतं. तुम्ही एवढी माणसं तिकडे बसलात, त्याचा कायदा केलात. म्हणजे कुणीतरी बघितलं असेलच ना? सरकारने बघितलंच असेल."

"सरकार म्हणजे मीच, नोरीन."

"मग तू बघितलंस?"

चहाच्या पेल्यावरून पाण्याचे थेंब त्याच्या पायावर ओघळत होते. "नाही," तो म्हणाला.

"कुणी बघितलं?"

"माहीत नाही. कुणीतरी एक कागद ठेवला होता माझ्या टेबलावर. मी वाचला नाही. सगळे हिरवं दाबत होते. आम्ही फक्त म्हटलं की ज्याला हवं त्याला घेऊ द्या. ते चालतं असं कुणी म्हटलं नाही."

"तसं लिहिलंय त्या डब्यावर? की आमदारांना काही म्हणायचं नाही?"

"नोरीन—"

"मी ते रोज सकाळी तुझं नाव घेऊन गिळतेय, गाढवा!" तिने परात मांडीवरून खाली आदळली आणि थोडी चवळी पायरीवरून घरंगळत गेली. तिने ती गोळा केली नाही. शाळेच्या बसमध्ये मागच्या बाकावर मारामारी झाली की ती गाडी कडेला घ्यायची, आरशातून बघायची, आणि पोरं आपोआप गप्प व्हायची, असं ड्वाइट अभिमानाने सांगायचा. तसंच बघत होती ती आता. "वाटायचं, आपल्या घरातलं माणूस आहे तिथे. आपल्या घरातल्या माणसाने केलंय. आणि तू म्हणतोस, वाचलं नाही. ड्वाइटच्या वेळी काय वाचलं होतंस? करून बघू म्हणालास, आणि मी त्याला पाणी पाजत बसले. त्या खोलीत मी परत जाऊ? त्या वासात? तू सांगतोस म्हणून?"

"मी चुकलो असेन तेव्हा, पण हे—"

"जा वेंडल. मला शेंगा सोलायच्यात."

तो उठला. पायरीवरची चवळी पायाखाली चिरडू नये म्हणून त्याला वेडंवाकडं पाऊल टाकावं लागलं, आणि ते करताना तो किती हास्यास्पद दिसत असेल याची त्याला लाज वाटली, आणि अशा वेळी ही लाज वाटते याची आणखी लाज वाटली.

त्यानंतरचे दिवस असे गेले की तो दुकानात गालिच्यांच्या गुंडाळ्यांमध्ये उभा राहून गिऱ्हाइकाशी बोलायचा आणि अर्ध्या वाक्यात काय बोलतोय ते विसरायचा. ती त्याचा फोन उचलेना. लुअॅन जाऊन आली. तिच्याशी ती हवापाण्याच्या गप्पा मारायची. टल्साच्या मुलीला कळवावं का यावर नवरा-बायकोचं रोज भांडण व्हायचं. कळवलं तर नोरीन कायमची तुटेल, लुअॅन म्हणायची. नाही कळवलं तर काय होईल ते ती म्हणायची नाही. त्याला आता ते डबे सगळीकडे दिसायला लागले. चर्चमध्ये पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याच्या खिशात चौकोनी फुगवटा दिसला की त्याचं प्रार्थनेतलं लक्ष उडायचं. सुपरमार्केटात एक तरुण बाई कडेवरच्या पोराला घेऊन ढकलगाडी नेत होती, गाडीत दूध, पाव, लंगोट आणि तो डबा. तो तिच्यामागून तीन-चार रांगा चालत गेला. काय म्हणणार होता? बाई, हे कुणासाठी? तिने वळून संशयाने पाहिलं आणि तो कडधान्यांच्या फळीशी वाकून उगाच भाव बघू लागला. घरी येताना एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. टेरेल विचारत नाही, कारण कायदा आहे. कायद्याने विचारलं नाही, कारण सभासदांनी विचारलं नाही. सभासदांनी विचारलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं शेजारच्याला माहीत असेल. आणि नोरीनला वाटलं वेंडलला माहीत असेल. विचारायचं काम फिरत फिरत कुणाकडेच आलं नव्हतं, आणि त्या सगळ्या वेळात ती गाठ तिच्या परीने वाढत होती. तिला कुणाच्या चिठ्ठीची गरज नव्हती. रात्री झोप लागायची ती रक्तदाबाच्या गोळीने की नुसत्या थकव्याने, हेसुद्धा त्याला आता खात्रीने सांगता आलं नसतं.

सप्टेंबर अर्धा उलटला असेल, हवा जरा उतरली होती. दुकान नुकतंच उघडलं होतं आणि तो दाराशी नमुन्यांचे तुकडे लावत होता, तेव्हा नोरीन आत आली. ड्वाइटचा शर्ट नव्हता. चर्चला घालते तो निळा झगा होता. ती गालिच्याच्या एका आडव्या गुंडाळीवर बसली, पर्स मांडीवर घेऊन, पाहुणी बसते तशी.

"हाताला लागते," ती म्हणाली. "आधी लागत नव्हती. आता आंघोळ करताना लागते."

त्याच्या हातातला नमुना खाली पडला. "गोळ्या?"

"टाकल्या." ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. "माझ्याने त्या डॉक्टरला फोन होत नाही. आकडे दाबते आणि ठेवून देते. तू कर. तुला सवय आहे, बटणं दाबायची."

ती हसलीही नाही. त्याने तिथेच, नमुन्यांच्या ढिगात उभं राहून फोन केला. बोलताना तो पाठमोरा झाला होता. नंतर वळला तर ती गालिच्याचा धागा बोटाने कुरवाळत होती. "हा कितीला?" तिने विचारलं. "नको, सांगू नकोस. उगाच."

शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर तरुण होती, केस अगदी बारीक कापलेले. तपासणीचं चित्र बघून तिने काही लपवायचा प्रयत्न केला नाही. गाठ वाढलीय, काखेतही काहीतरी दिसतंय. नुसती गाठ काढून भागणार नाही, पूर्ण स्तन काढावा लागेल, आणि नंतर औषधोपचार. पण करता येण्यासारखं आहे, ती दोनदा म्हणाली, करता येण्यासारखं आहे. नोरीनने मान डोलावली, जणू रस्त्याची कामं कुठे चालू आहेत ते कुणी सांगत होतं. मग विचारलं, "जूनमध्ये आले असते तर?"

डॉक्टर क्षणभर थांबली. "आता आहे त्यावर बोलू या."

वेंडलने ते उत्तर ऐकलं. डॉक्टरच्या थांबण्याचं उत्तर. ते त्याच्या अंगात कुठेतरी जाऊन बसलं, आणि पुढे कितीतरी दिवस, दात घासताना किंवा सिग्नलला उभा असताना, ते तिथे आहे की नाही हे तो चाचपून बघायचा, जीभ दुखऱ्या दाताकडे जाते तशी. टल्साची मुलगी आली, आल्याआल्या आईवर ओरडली, मग दोघी रडल्या. वेंडलशी ती एक शब्द बोलली नाही आणि त्याला ते रास्त वाटलं.

ऑपरेशनच्या सकाळी मुलगी गाडी लावायला गेली होती. पडद्यामागच्या खाटेवर नोरीन दवाखान्याच्या पातळ झग्यात बसलेली, एकदम लहान दिसणारी. नर्स हसतमुख होती, प्रश्न पाठ असल्यासारखे विचारत होती. काल रात्रीपासून काही खाल्लंय? दात बसवलेले आहेत? आणखी कुठली औषधं घेता, दुकानातून आणलेली वगैरे?

वेंडल म्हणाला, "आधी घेत होती. जंतांचं. ते आता चिठ्ठीशिवाय मिळतं ना, ते. आता बंद आहे."

"कुणी सांगितलं होतं घ्यायला?"

"कुणी नाही," नोरीन म्हणाली. "माझं मीच."

"मी," वेंडल म्हणाला.

"खोटं बोलतोय तो. याला औषधातलं काही कळत नाही."

नर्सने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "ते तुमचं तुम्ही ठरवा. मला फक्त हे सांगा, शेवटची गोळी कधी घेतली?"

पडद्यापलीकडे कुणीतरी खोकलं. नोरीन आपल्या हातांकडे बघत होती. "काल," ती म्हणाली. "काल सकाळी."

नर्स म्हणाली, "भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारून येते हं," आणि गेली. वेंडलला वाटलं आपण बसायला हवं, पण तिथे खुर्ची नव्हती. "टाकल्या म्हणालीस," तो म्हणाला. नोरीनने मान हलवली. "तुझं तोंड बघवत नव्हतं म्हणून म्हटलं." मग तिने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्याने तिच्या डोळ्यांत राग पाहिला होता, थट्टा पाहिली होती, ड्वाइट गेला त्या दिवशी काहीच पाहिलं नव्हतं. हे मात्र प्रथमच. "दोन्हीकडून केलं तर काय बिघडलं?" ती पुटपुटली. "वेंडल, मला फार भीती वाटते रे. सकाळी ती गोळी घेतली की तेवढ्यापुरतं वाटायचं, आज काहीतरी केलं. तुम्ही लोक सगळे सांगता, थांब, ठरव, विचार कर. ती गोळी नुसती गिळायची असते." त्याने तिचा हात धरला. चवळीचे डाग केव्हाच गेले होते, हात गार होता. त्याला एकही वाक्य सुचलं नाही, आणि पहिल्यांदाच त्याला त्याची लाज वाटली नाही.

नर्स परत आली. चालेल म्हणाले, नोंद केलीय, लक्ष ठेवतील. नोरीनने चष्मा काढून मुलीकडे दिला. मुलगी गाडी लावून धापा टाकत नुकतीच पोहोचली होती. पर्स मात्र नोरीनने वेंडलकडे दिली. "धर. आणि कुठे ठेवू नकोस." खाट ढकलत नेली. बाहेरच्या खोलीत तो पर्स मांडीवर घेऊन बसला. कातड्याखाली, हाताला, गोळ्यांची पट्टी करकरली. डबा नव्हता, नुसती पट्टी. पलीकडे कचऱ्याचा डबा होता, झाकण पायाने उघडणारा. मुलगी भिंतीला टेकून डोळे मिटून होती. कुणी पाहिलं नसतं. आणि ते योग्यच ठरलं असतं. हे तर कुणीही म्हटलं असतं, शेजारच्यानेही ढोसून सांगितलं असतं. तो तसाच बसून राहिला, आणि मध्ये एकदा कॉफी घ्यायला उठला तेव्हाही पर्स काखेतच होती. मुलीने डोळे उघडून ते पाहिलं आणि म्हणाली, "मलाही एक आण." तिचं त्याच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

दुपार कलल्यावर डॉक्टर बाहेर आली, टोपी हातात घेऊन. दिसलं तेवढं सगळं निघालंय, म्हणाली. काखेतल्या काही गाठीही काढल्या. पुढे उपचार लांब आहेत, आणि कडक आहेत. पण आज ठीक झालं. मुलगी वेंडलच्या खांद्यावर डोकं टेकून रडली, मग लगेच सावरून बाजूला झाली.

संध्याकाळी नोरीन जागी झाली तेव्हा खोलीत उतरतं ऊन होतं. चेहरा पांढरा, ओठ कोरडे, छातीवर पट्ट्यांचा सपाट जाड थर. मुलगी फोनवर नवऱ्याला कळवायला बाहेर गेली होती. नोरीनने आधी छताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग त्याच्या मांडीवरच्या पर्सकडे. बोट हलवलं. त्याने पर्स तिच्या हाताशी नेली. तिने चाप उघडला, आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"टाकल्या नाहीस," ती म्हणाली. आवाज घशातून घासत येत होता.

"तुला न विचारता?"

तिच्या तोंडाच्या एका कोपऱ्यात काहीतरी हललं. हसू असेल, कळही असेल. "मग विचार की आता."

त्याने खुर्ची पुढे ओढली. "नोरीन, त्या टाकू का?"

तिने डोळे मिटले. बाहेर कॉरिडॉरमधून कुणीतरी गाडा ढकलत नेत होतं, त्याचं एक चाक कुरकुरत होतं. ते कुरकुरणं लांब जाऊन थांबलं, आणि वेंडलला वाटलं तिला झोप लागली. मग तिचे ओठ हलले.

"थांब जरा," ती म्हणाली. "विचार करते."

तो थांबला.